त्या नारिंगी गोळ्यांची गोष्ट

मागच्या वर्षी मी आमच्या पाण्याच्या सॅम्पलिंगच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, "बघा जरा, सगळीकडे नारिंगी झालंय, पाण्याची पार वाट लागलीये." वर तीन रडके इमोजी. स्क्रीनशॉट एका ऑनलाइन नकाशाचा होता, म्हणजे तो असतो ना, स्वयंसेवकांनी नदी-ओढ्यावर जाऊन पाणी तपासायचं, रीडिंग ॲपमध्ये भरायचं आणि मग ते सगळं नकाशावर ठिपक्यांच्या रूपात कुणालाही बघता येतं, तसला. त्यात एका मोठ्या नदीच्या काठाकाठाने मोठे नारिंगी गोळे, एकावर १४३ लिहिलेलं, एकावर २१८. वर डोंगराकडे छोटे हिरवे गोळे, त्यांच्यावर ४, ७ असले आकडे. मला वाटलं आता याच्यात समजून घ्यायचंय काय, डोंगरात पाणी स्वच्छ, खाली वस्तीत आलं की घाण, आणि आकडा जितका मोठा तितकी घाण जास्त.

पाच मिनिटांत सात-आठ जणांनी "अरे बापरे", "भयानक" वगैरे लिहून टाकलं, एकाने तर तो फोटो पुढे ढकलला पण. मग आमच्यातले एक काका आहेत, आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलेले, त्यांनी शांतपणे विचारलं, "अगं, १४३ काय? मिलिग्रॅम? टक्के? का माणसं?"

मला उत्तर देता येईना. परत नकाशा उघडला, त्या गोळ्यावर क्लिक केलं तर तो फुटला आणि आतून बारके ठिपके बाहेर सांडले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त निळे, म्हणजे त्या नकाशाच्या भाषेत चांगले. १४३ म्हणजे तिथे १४३ नोंदी होत्या, एवढंच. काकांचा तिसरा अंदाजच सगळ्यात जवळचा निघाला.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की हे फक्त माझंच येडेपण नाहीये. असे बरेच नकाशे लीफलेट नावाच्या फुकट लायब्ररीवर (म्हणजे नकाशे बनवायच्या आयत्या कोडवर) बनवलेले असतात, ती २०११ पासून आहे, आणि तिच्यात जवळजवळचे ठिपके एकत्र करून गोळा दाखवणारं जे तयार प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, मिळतं त्याचे रंग आधीच ठरलेले असतात: १० पेक्षा कमी ठिपके असले तर गोळा हिरवा, १०० पेक्षा कमी असले तर पिवळा, त्याच्या वर नारिंगी. पार्किंगच्या जागा दाखवायच्या असतील तर काही बिघडत नाही, पण पाण्याच्या नकाशावर हिरवा-पिवळा-नारिंगी बघितलं की माणूस दुसरं काय समजणार? बनवणाऱ्याने ते रंग बदलायचे राहून गेले की जिथे लोक जास्त मेहनत घेतात तो भाग सगळ्यात घाणेरडा दिसतो. म्हणजे मी ज्याला प्रदूषण म्हणून बोंब मारली ती खरं तर रविवारी सकाळी लवकर उठणारी मंडळी होती.

फोटो डिलीट केला, माफी मागितली, आणि त्या दिवसापासून मी हे नकाशे जरा वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. मी स्वतः त्यात ठिपके टाकणारी आहे हे माहीत असून मी फसले याचाच राग जास्त आला होता. कारण एक ठिपका कसा जन्माला येतो हे मला माहितीये की.

तो असा येतो. मी काठावर उकिडवी बसलेली असते, एका पायाखालची माती सरकतेय, फोन तोंडात धरायची वेळ आलीये. हातात नायट्रेट (खतांतून, सांडपाण्यातून पाण्यात येतं ते) मोजायची प्लॅस्टिकची बारकी ट्यूब, आत पांढरी पावडर. टोकाचं सुतासारखं काहीतरी ओढून काढलं की भोक पडतं, मग ट्यूब दाबून हवा काढायची, भोक पाण्यात बुडवायचं आणि बोटं सैल सोडायची की पाणी आत ओढलं जातं. हलवायचं, ३ मिनिटं थांबायचं. आतलं पाणी हळूहळू गुलाबी होत जातं आणि मग ती ट्यूब रंगाच्या कार्डावर ठेवून ठरवायचं की कुठल्या चौकोनाशी जुळतंय. चौकोन सातच. ०.२ पेक्षा कमी, ०.२ ते ०.५, ०.५ ते १, १ ते २, २ ते ५, ५ ते १०, आणि १० च्या वर, हे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. फ्रेशवॉटर वॉच म्हणून जो मोठा प्रकल्प आहे, २०१२ पासून चाललेला, त्यांच्या किटमध्ये हेच कार्ड येतं, आणि दर वेळी आमच्यात यावरून वाद होतो. मी म्हणते हा १ ते २ वाला गुलाबी आहे, माझी मैत्रीण म्हणते अजिबात नाही, सावलीत धर, हा त्याच्या आधीचा. एकदा मी गॉगल काढायला विसरले होते, ते ती अजून सांगते लोकांना.

तर मुद्दा असा की नकाशावर जो एक रंग दिसतो तो म्हणजे आमच्या त्या वादाचा निकाल असतो. पाण्यात १.१ असेल किंवा १.९ असेल, ठिपका एकच. आणि शेजारच्या ठिकाणी ०.९५ असेल तर त्याचा रंग वेगळा, लांबून बघणाऱ्याला वाटणार अरे इथून तिथे जाईपर्यंत काय झालं. काही झालेलं नसतं, फक्त चौकोनाची कड ओलांडलेली असते. त्यामुळे लागून असलेल्या दोन रंगांमधला फरक मी आता फार मनावर घेत नाही, दोन-तीन पायऱ्या उडी मारली असेल तरच थांबून बघते.

याचा अर्थ असली मापं फालतू असतात असं कुणी म्हणालं तर मात्र मी भांडेन. साधी मापं नीट घेतली तर लांबपर्यंत जातात. सेकी डिस्क घ्या, २० सेंटिमीटरची गोल चकती, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली, दोरीला बांधून तळ्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, झालं. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने, जो खरं तर खगोलशास्त्रज्ञ होता, १८६५ मध्ये हे जहाजावरून करून बघितलं (त्याची चकती नुसती पांढरी होती, काळा रंग नंतर कुणीतरी आणला) आणि आजही तळ्यांवर तेच चालू आहे. अमेरिकेत १९९४ पासून सेकी डिप-इन म्हणून उपक्रम आहे, ठरलेल्या दिवसांत लोक आपापल्या तळ्यात चकती सोडतात आणि आकडे एका ठिकाणी जमा होतात. तिथेच आयझॅक वॉल्टन लीग ही संस्था १९६९ पासून लोकांकडून ओढे तपासून घेतेय, तेव्हा नकाशे कागदावर होते. ओढ्यातले दगड उलटून खाली मे-फ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लायची पिल्लं दिसतात का हे मोजायचं, कारण हे किडे घाण पाण्यात तग धरत नाहीत. याला ना बॅटरी लागते ना केमिकल.

बरं, युनिटचं सांगायचंच राहिलं, आणि तिथे मी दुसऱ्यांदा आपटले होते.

दोन वेगवेगळे नकाशे उघडले होते शेजारी शेजारी, दोन्हीत नायट्रेट, दोन्हीत मिलिग्रॅम प्रति लिटर. एकात आकडे ३, ४, ५ असे, दुसऱ्यात १५, १८, २०. मी मनात म्हटलं दुसरीकडचं पाणी चौपट वाईट आहे. काकांना आधी विचारायची अक्कल यावेळी होती म्हणून बरं. ते म्हणाले, "एकाने फक्त नायट्रोजन मोजलाय, दुसऱ्याने सबंध नायट्रेट. तू बटाटे सोलून वजन करतेस आणि तो पोत्यासकट करतोय." नायट्रेटमध्ये एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन असतात, ऑक्सिजनचं वजन धरलं की आकडा ४.४३ पट होतो, पाणी तेच. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५० दिसते आणि अमेरिकेची १० दिसते आणि लोकांना वाटतं अमेरिका पाचपट कडक आहे. ५० ही सबंध नायट्रेटची आहे, १० ही नायट्रेटमधल्या नायट्रोजनची, म्हणजे ४४ च्या आसपास, जवळपास सारखंच आलं की. नकाशावर हे कुठे लिहिलेलं असतं तर कोपऱ्यात, राखाडी अक्षरांत, "नायट्रोजनच्या रूपात" किंवा "नायट्रेटच्या रूपात" अशा दोन शब्दांत. मी आता कुठलाही नवीन नकाशा उघडला की आधी तो कोपरा शोधते, ठिपके नंतर.

आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त फसवतं ते युनिट पण नाही, वेळ फसवते.

नकाशा उघडला की आपल्याला वाटतं हे आत्ताचं आहे, कारण स्क्रीन आत्ता चालू आहे. ठिपका मात्र त्या ठिकाणचं शेवटचं रीडिंग दाखवत असतो आणि शेवटचं म्हणजे कधीचंही असू शकतं. क्लिक केलं की पॉपअपमध्ये तारीख येते, ती बघितली की कधीकधी हसू येतं, कधीकधी वाईट वाटतं, कारण सहा-सात वर्षांपूर्वी कुणीतरी एकदाच जाऊन आलेला असतो आणि तो ठिपका तेव्हापासून तिथे तसाच निळा बसलाय. शेजारचा कालचा आहे. दोन्ही सारखेच ठसठशीत. जिथे तारखेचा स्लायडर किंवा फिल्टर असतो तिथे मी पहिल्यांदा एक वर्षावर आणते, आणि मग नकाशा कसा भराभर रिकामा होतो ते बघण्यासारखं असतं.

दिवसातली वेळ तर त्याहून महत्त्वाची, निदान विरघळलेल्या ऑक्सिजनच्या बाबतीत. पाण्यात ऑक्सिजन किती मावतो हे तापमानावर असतं, ० डिग्रीला १४.६ मिलिग्रॅम प्रति लिटर, २० ला ९.१, ३० ला ७.६, त्यामुळे उन्हाळ्यातला ७.५ आणि हिवाळ्यातला ७.५ यांचा अर्थ एक नाही, एक जवळजवळ काठोकाठ भरलेला आणि दुसरा निम्मा-अर्धा. हे एकवेळ लक्षात राहतं. पण पाण्यात शेवाळ माजलेलं असलं तर आणखी गंमत होते. दिवसभर ऊन असतं तोवर शेवाळ ऑक्सिजन सोडत राहतं, दुपारी मोजलं तर आकडा ११, १२, म्हणजे त्या तापमानाला मावतो त्याहून जास्त. रात्री ऊन नाही, तेच शेवाळ आणि बाकी सगळे जीव ऑक्सिजन खात बसतात आणि पहाटेपर्यंत आकडा ३-४ वर आलेला असतो. ५ च्या खाली गेलं की बऱ्याच माशांना जड जातं. मासे मेलेले सकाळी दिसतात ते यामुळे.

आता स्वयंसेवक कधी जातात? आरामात, दहा-अकराला, उजेड छान असतो तेव्हा. काही जण दुपारी. म्हणजे ज्या ओढ्याची रात्री घुसमट होतेय त्याचा ठिपका नकाशावर गडद निळा, एकदम उत्तम. मी हे वाचल्यावर आमच्या ठिकाणची जुनी रीडिंग काढून बघितली, सगळी दहा ते बाराच्या मधली, दोन वर्षांची. आणि आम्ही ग्रुपवर दर वेळी अंगठे दाखवत होतो, ऑक्सिजन मस्त आहे म्हणून. मस्त होता, त्या वेळी. आता एखादं रीडिंग त्या तापमानाला मावतं त्याच्या वर गेलेलं दिसलं तर मी खूश होण्याऐवजी त्याच ठिकाणचं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, उघडून बघते.

पोहायला जाऊ का म्हणून नकाशा बघणाऱ्यांचं पण तसंच. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू, मोजायचा तर सॅम्पल उबेत ठेवून साधारण २४ तास वाट बघावी लागते, तेव्हा कुठे जिवाणूंचे पुंजके मोजता येतात, म्हणजे नकाशावर लाल ठिपका उमटतो तोपर्यंत ते पाणी केव्हाच पुढे गेलेलं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१२ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे १२६ पुंजके ही जी शिफारस केली ती पण एका सॅम्पलची नाहीये, बऱ्याच सॅम्पलच्या सरासरीची आहे, आणि ती साधी सरासरी पण नाही, भूमितीय, कारण एखाद्या पावसाच्या दिवशी आकडा हजारांत जातो आणि साधी सरासरी त्याच्या मागे फरफटत जाते. त्यामुळे एका ठिपक्यावरून आज उडी मारू का हे ठरवू नका बाबांनो. आदल्या रात्री जोरात पाऊस झाला असेल तर नकाशा काहीही म्हणो, काठावर बसा.

आता जागेबद्दल. ठिपके कुठे असतात ते एकदा नीट बघा, बहुतेक पुलांपाशी असतात. साहजिक आहे, गाडी लावता येते, खाली उतरायला वाट असते, नाहीतर वरून बादली सोडता येते. मध्ये कित्येक किलोमीटर काहीच नसतं आणि ते रिकामं दिसतं म्हणून डोळा त्याला स्वच्छ समजतो. शिवाय काही नकाशांमध्ये एक भारी दिसणारी लेयर असते, ठिपक्यांच्या मधली जागा रंगांनी भरून काढणारी, सगळा प्रदेश कसा पिवळ्यातून लालमध्ये विरघळत जातो. ती मी बंदच करते. हवेच्या तापमानाला चालेल ते, पाणी असं पसरत नाही ना. डोंगराच्या अलीकडचा ओढा आणि पलीकडचा ओढा नकाशावर बोटभर अंतरावर असतील पण त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं, त्यांच्या पाण्याची भेट झालीच तर खूप खाली जाऊन, नाहीतर थेट समुद्रात. आणि एकाच नदीवर ४० किलोमीटर खाली असलेल्या ठिपक्याशी मात्र वरच्याचं नातं असतं.

म्हणून बघायचं तर नदीच्या धाग्याने बघायचं. मी असं करते की बेसमॅप, म्हणजे ठिपक्यांखालचा नकाशा, बदलून उंचसखलपणा दाखवणारा लावते, कुठून कुठे उतार आहे ते कळतं, मग वरच्या टोकापासून एकेक ठिपका क्लिक करत खाली येते. जिथे उडी दिसते, समजा वर ०.५ च्या आत आणि पुढच्या पुलाला ५ च्या वर, आणि महिना पण तोच, तिथे थांबायचं आणि सॅटेलाइट फोटो चालू करायचा. त्या दोन पुलांच्या मध्ये काय आहे? शेतं, गोठे, सांडपाण्याचा प्लांट, की एखादी उपनदी येऊन मिळतेय जिच्यावर एकही ठिपका नाही? उत्तर मिळेलच असं नाही, पण पुढच्या वेळी सॅम्पल कुठून घ्यायचं ते मात्र कळतं. आमचा तिसरा पॉइंट आम्ही असाच शोधला, नकाशावर, घरी बसून, आणि मग तिथे पोचायला काटेरी झुडपातून जावं लागतं हे नकाशाने अर्थातच सांगितलं नव्हतं.

चुकीच्या जागी पडलेल्या ठिपक्यांचा मला वेगळाच नाद लागलाय. अटलांटिक महासागरात, गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे छेदतात तिथे जमीन नाहीच, नुसतं पाणी, पण नकाशेवाल्या लोकांनी त्या जागेला नल आयलंड असं नाव ठेवलंय कारण जगातल्या ज्या ज्या नोंदींत लोकेशन भरायचं राहिलं ते सगळं तिथे जाऊन पडतं. पाण्याचा कुठलाही मोठा नकाशा उघडला की मी आधी तिथे झूम करते, आणि बरेचदा असतोच कुणीतरी, ओढ्याचं नाव लिहिलेलं, फोटोत झाडं, आणि ठिपका भर समुद्रात. अक्षांश-रेखांश उलटे भरले तरी माणूस भलत्याच देशात जातो. दशांशाची घरं कमी भरली की थोडं सरकतं, दोनच घरं असतील तर एक किलोमीटरच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतं, चार असतील तर १०-११ मीटर, तेवढं चालतं. एकदा एक ठिपका चक्क कुणाच्या तरी घराच्या छपरावर होता, बहुतेक घरी आल्यावर सावकाश भरलं असणार आणि ॲपने तिथलंच लोकेशन उचललं. ते मी पण केलंय. दोनदा.

आकड्यांच्या चुका पण ओळखू यायला लागतात. पीएच ७४ म्हणजे टिंब राहिलं, ७.४ असणार. पाण्याचं तापमान ६८ म्हणजे कुणाचाही पाय भाजलेला नाही, ते फॅरनहाइट आहे, २० डिग्री झाले. तारीख ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे भरणारा कुठल्या देशातला त्यावर. आणि सगळ्यात छुपा तो ०. फॉस्फेटचं किट ०.०२ च्या खालचं ओळखूच शकत नाही, म्हणजे "०.०२ पेक्षा कमी" असं लिहायला हवं, पण कुणी ० लिहितो, कुणी रकाना रिकामा सोडतो, आणि मग रिकामा म्हणजे मोजलंच नाही की सापडलं नाही? नकाशा दोघांना एकाच फिक्या रंगात दाखवून मोकळा.

हे सगळं कळतं ते नकाशावर नाही, डाउनलोड केल्यावर. जवळपास सगळ्या अशा साइटवर कुठेतरी बाणाचं बटण असतं, सीएसव्ही फाइल मिळते, एक्सेलमध्ये उघडते. लोक घाबरतात त्याला, मी पण घाबरायचे, ओळीच ओळी येतात. पण नुसतं तारखेने सॉर्ट केलं आणि एका ठिकाणच्या ओळी वेगळ्या काढल्या तरी अर्धं काम होतं. आणि उजवीकडे शेवटपर्यंत सरकत गेलं की एक रकाना असतो शेऱ्याचा, जो नकाशाच्या पॉपअपमध्ये बरेचदा दिसतच नाही. माझ्या मते अख्ख्या फाइलमधली सगळ्यात कामाची जागा ती.

एका ओढ्याचं गढूळपणाचं रीडिंग बघत होते, कायम नितळ आणि मध्येच एक महिना एकदम वाईट. नकाशावर लाल ठिपका. शेऱ्यात लिहिलं होतं, वरच्या बाजूला पुलाचं काम चालू आहे, पाण्यात जेसीबी उतरवलाय. पुढच्या महिन्यात, काम थांबलंय, गाळ अजून आहे. त्याच्या पुढच्या, आज मासे दिसले. बस, एवढ्या तीन ओळी, पण लाल ठिपक्याचं कोडं सुटलं. दुसऱ्या एका ठिकाणी एकाने प्रत्येक वेळी फक्त "गुरं पाण्यात होती" किंवा "गुरं नव्हती" एवढंच लिहिलंय, वर्षभर, आणि मी ते दोन गटांत वेगळं करून बघितलं तर गुरं असलेल्या दिवशी पाणी दर वेळी जास्त गढूळ. त्या माणसाला हे माहीत असणारच, म्हणून तर तो लिहीत होता, पण नकाशाने ते कुणालाच दाखवलं नव्हतं.

नकाशे बनवणाऱ्यांना माझी एकच तक्रार, लाल-हिरवं सोडा. दर १२ पुरुषांत साधारण एकाला हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत, आणि आमच्या ग्रुपमध्येच एक जण आहे, तो बिचारा प्रत्येक ठिपक्यावर क्लिक करत बसायचा आणि आम्हाला वाटायचं काय चिकाटीचा माणूस आहे. फिकटापासून गडदपर्यंत एकच रंग नेला तरी काम होतं. आणि मोबाइलवर तो रंगांचा अर्थ सांगणारा चौकोन लपवून ठेवू नका प्लीज.

इतकं सगळं रडगाणं ऐकून कुणी विचारेल मग बघायचेच कशाला हे नकाशे. तर मिठाचं उदाहरण सांगते. थंड प्रदेशात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते वाहून ओढ्यात जातं. अमेरिकेत मिठातल्या क्लोराइडसाठी मर्यादेची शिफारस आहे, जलचरांना सतत सोसावं लागलं तर २३० मिलिग्रॅम प्रति लिटर, थोड्या वेळाचा झटका असेल तर ८६०. पण मीठ ओढ्यात येतं ते बर्फ वितळला त्या दिवशी, काही तासांत, आणि कुठलीही सरकारी गाडी प्रत्येक ओढ्यावर नेमकी त्या तासाला पोचू शकत नाही. तिथे सॉल्ट वॉच म्हणून जे चालतं त्यात लोकांकडे एक पट्टी असते, पाण्यात उभी करायची, पांढरी रेघ किती वर चढली ते वाचायचं, फोटो काढून टाकायचा. एकेक ठिपका कच्चा असेल, पण वादळानंतरच्या दोन दिवसांत एकाच नदीवर वरपासून खालपर्यंत पाच-सहा जणांनी मोजलं तर मीठ कुठून शिरलं ते दिसायला लागतं. हे काम एकट्या लॅबचं नाहीच. लॅब एका बाटलीत खोल बघते, आम्ही पाच-सहा जण एकाच वेळी पाच-सहा पुलांवर उभे असतो. आमचा ठिपका बघून लॅबवाल्याने बाटली घेऊन तिथे जावं, एवढं झालं तरी आमचं काम झालं.

आमच्या पहिल्या पॉइंटचा ग्राफ मी अधूनमधून उघडते. नकाशावर ठिपका क्लिक करून "सगळी रीडिंग" दाबलं की रेघ येते, वरखाली वरखाली, आणि एका जागी सरळ जोडलेली आहे, चार महिने, जणू काही पाणी चार महिने अगदी शहाण्यासारखं वागलं. काही शहाण्यासारखं वागलं नव्हतं. माझा गुडघा दुखत होता आणि ट्यूब संपल्या होत्या आणि मी "पुढच्या रविवारी बघू" करत बसले होते, आणि प्रोग्रॅमने दोन टोकं जोडून दिली. मी त्या साइटवाल्यांना लिहिलंय की नोंद नसेल तिथे रेघ तोडा. अजून तोडली नाहीये.

उद्या पहाटे साडेपाचला जायचंय, उन्हं यायच्या आत ऑक्सिजन मोजायचा. मैत्रीण यायला तयार नव्हती, काका येतो म्हणालेत. बॅटरी चार्जिंगला लावलीये, ट्यूब मोजून सहा ठेवल्यात, आणि लोकेशन काठावरच ऑन करायचं हे हातावर पेनाने लिहून ठेवलंय.